सेनापतीची कीर्ती आणि चरित्रकाराची लेखणी : सर्टोरियस व यशवंतराव होळकर

पराक्रमी पुरुषाची कीर्ती त्याच्या तलवारीने मिळते, असे आपण शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांस नेहमी सांगत असतो. हे विधान खोटे नाही. पण अपुरे खास आहे. तलवारीने मिळणारी कीर्ती फार तर एकदोन पिढ्या पुरते. पुढे ती कोणत्या रूपाने टिकावी, किंबहुना टिकावी की नाही, याचा निकाल लेखणी देते. जिंकलेले सेनापती विसरले जातात आणि हरलेले स्मरणात राहतात, याचे कारण पुष्कळदा रणांगणात नसून ग्रंथांत असते. हा विचार एका प्राचीन रोमन सेनापतीच्या व आमच्या माळव्यातील एका मराठा सेनापतीच्या उदाहरणांनी तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

रोमन सेनापती म्हणजे सर्टोरियस. सीझर किंवा पाँपी यांच्याइतके हे नाव आमच्या वाचकांच्या परिचयाचे नाही, म्हणून त्याची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इटलीतील नर्सिया या गावी सामान्य पण प्रतिष्ठित घराण्यात त्याचा जन्म झाला. बाप लहानपणीच वारला, आईने वाढविले. तरुणपणी तो मारियसच्या हाताखाली लढला आणि पुढे एका युद्धात त्याचा एक डोळा गेला. रोममध्ये मारियस व सुल्ला यांच्या पक्षांत यादवी माजली, तीत सर्टोरियस सुल्लाच्या विरुद्ध पक्षास होता. तो पक्ष बुडाला, तेव्हा त्याने स्पेनची वाट धरली. इ. स. पू. ८० च्या सुमारास लुसिटानियाच्या लोकांनी त्यास आपला नायक म्हणून बोलावून घेतले. पुढची सातआठ वर्षे या परागंदा पुरुषाने स्थानिक टोळ्यांच्या बळावर रोमच्या सेनांस सळो की पळो करून सोडले. वृद्ध मेटेलस व तरुण पाँपी या दोघांचे त्याच्यापुढे फारसे चालले नाही. अखेर इ. स. पू. ७३ च्या सुमारास त्याच्याच एका सरदाराने, पर्पेर्नाने, मेजवानीस बोलावून त्याचा घात केला. तो पडताच त्याचा सारा डोलारा कोसळला.

राज्य गेले, पक्ष गेला, सैन्य गेले. सुल्लाच्या पक्षाने जो इतिहास मान्य केला असेल त्यात या पुरुषास बंडखोर यापलीकडे जागा मिळण्याचे कारण नव्हते. पण सुमारे पावणेदोनशे वर्षांनी प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकाराने त्याचे चरित्र लिहिले आणि सर्टोरियस अमर झाला. शेक्सपिअरने आपले रोमन नायक प्लूटार्कच्याच इंग्रजी भाषांतरातून घेतले, हे येथे सांगावयास नको. सर्टोरियसवरही १६६२ साली कॉर्नेय या फ्रेंच नाटककाराने शोकान्त नाटक रचले. पराभूताची कीर्ती विजेत्याच्या कीर्तीजवळ येऊन बसली, ती एका चरित्रामुळे.

या चरित्राचे मर्म कशात आहे? प्लूटार्क नायकाची स्तुती करतो. पण ती स्तुती आंधळी नाही. स्पेनमधील सरदारांच्या मुलांस ऑस्का नगरात एकत्र करून सर्टोरियसने त्यांना ग्रीक व रोमन विद्या शिकविण्याची व्यवस्था केली. बाप आनंदले, मुले ओलीसही झाली. हे दोन्ही पदर प्लूटार्क उघड सांगतो. पुढे प्रजा उलटू लागली तेव्हा सर्टोरियसने त्याच मुलांपैकी काहींचा वध करविला व काहींस गुलाम म्हणून विकले. हे काळे कृत्य चरित्रकार झाकीत नाही. तो एवढेच विचारतो की, मूळचा सद्गुण अस्सल असेल तर दुर्दैव त्यास बदलू शकत नाही हे खरे. तथापि अन्यायाने ओढवलेल्या मोठ्या आपत्तींनी चांगल्या मनुष्याचाही स्वभाव पालटत असेल काय? हा प्रश्न विचारण्यात चरित्रकाराचे मोठेपण आहे. तो नायकास दोषमुक्त करीत नाही व त्यास सुळावरही देत नाही. वाचकास विचार करावयास लावतो.

दुसरे असे की, युद्धाची तारीखवार जंत्री देण्यापेक्षा मनुष्याचा स्वभाव ज्यात प्रकट होतो अशी लहान कृती तो निवडतो. सैन्यापुढे दोन घोडे उभे करून सर्टोरियसने जो धडा दिला, तो प्रसिद्धच आहे. एका बलदंड मनुष्याने मरतुकड्या घोड्याचे शेपूट एकाच हिसक्याने उपटू पाहिले आणि तो थकला; एका दुबळ्याने धट्ट्याकट्ट्या घोड्याच्या शेपटीचा एकएक केस उपटून ती साफ केली. बलाढ्य शत्रूशी कसे लढावे, याचा सगळा ग्रंथ या एका प्रसंगात आला आहे.

आता माळव्याकडे वळू. प्लूटार्कने सर्टोरियसच्या चरित्राच्या आरंभीच योगायोगांचा विचार केला असून फिलिप, अँटिगोनस, हॅनिबल व सर्टोरियस हे धुरंधर सेनापती एकाक्ष होते, याची नोंद केली आहे. त्या मालिकेत पाचवे नाव घालण्याचा अधिकार इंदूरकरांस आहे. ते नाव महाराज यशवंतराव होळकर यांचे. उज्जैनीस बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला. सर्टोरियस आपल्या गेलेल्या डोळ्याचा अभिमान बाळगी. इतरांची मानचिन्हे काढून ठेवावी लागतात, आपले मात्र सदैव अंगावर असते, असे तो म्हणे. यशवंतरावांनी तीच गोष्ट विनोदावारी नेली. काण्या मनुष्यास लोक खट समजतात, तो धागा धरून, आपण आधीच काय कमी होतो, आता तर लबाडांचे गुरूच झालो, अशा अर्थाचे ते बोलल्याचे नमूद आहे. केवळ डोळ्याच्या साम्यावर तुलना उभारणे पोरखेळ होईल, हे आम्ही जाणतो. साम्य याहून खोल आहे. दोघेही घरच्या यादवीतून उठले, दोघांनीही विस्कळित टोळ्यांतून सैन्य निर्मिले, दोघांनीही आपल्या काळच्या सर्वांत शिस्तबद्ध सत्तेस चकविले आणि दोघांची सत्ता त्यांच्या देहाबरोबर संपली. भेद आहे तो मरणोत्तर आयुष्यात.

यशवंतरावांचा जन्म १७७६ चा. तुकोजीराव होळकरांचे ते पुत्र. परंतु औरस नव्हेत. तुकोजीराव १७९७ च्या ऑगस्टात वारले आणि लगेच वारशाचा तंटा पेटला. दौलतराव शिंद्यांनी काशीरावाचा पक्ष घेतला व सप्टेंबरात पुण्याजवळ भांबुर्ड्यास छापा घालून मल्हाररावास ठार केले. यशवंतराव निसटून नागपुरास गेले, तो तेथे भोसल्यांनी त्यांस कैदेत टाकले. तेथूनही ते सुटले. एका वर्षात भाऊ, घर आणि आसरा हे तिन्ही गमावलेल्या या तरुणाजवळ घोडा आणि भाला यांखेरीज काही उरले नव्हते. धारच्या पवारांचे साहाय्य, भिल्ल व पेंढारी यांच्या टोळ्या आणि अमीरखान पठाणाची जोड एवढ्या भांडवलावर त्यांनी नर्मदाकाठी पुन्हा जम बसविला. कसरावदेजवळ त्यांनी काशीरावाच्या बाजूने आलेल्या दुद्रनेक या फिरंगी सेनानीस हरविले आणि पुढे महेश्वर हाती घेतले. १८०१ च्या एप्रिलात विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावांनी उज्जैनीस शिंद्यांच्या फौजेचा मोड केला आणि ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्याने आमचे इंदूर लुटून त्याचा वचपा काढला.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या मैदानावर पेशवे व शिंदे यांच्या जोडफौजेचा त्यांनी पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने पळून वसई गाठली व ३१ डिसेंबरास इंग्रजांशी तह केला. १८०३ साली शिंदे व भोसले असई, अडगाव, लासवारी येथे चिरडले जात असता यशवंतराव बाजूस राहिले. १८०४ साली ते एकटे उठले. मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनच्या पलटणींची जी दैना त्यांनी केली, तिने कलकत्त्यात धरणीकंप झाला. दिल्लीचा वेढा फसला, नोव्हेंबरात डीग व फर्रुखाबाद येथे मार बसला. परंतु १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भरतपूरच्या तटावर जनरल लेकचे चार हल्ले जाटांनी परतविले, तेव्हा यशवंतरावांचे स्वार बाहेरून इंग्रजी छावणीस सतावीत होते. पंजाबात रणजितसिंगाचे साहाय्य मिळेना, तेव्हा २४ डिसेंबर १८०५ रोजी बियासकाठी राजपूरघाटास तह झाला. त्यानंतर भानपुऱ्यास तोफा ओतण्याचा ध्यास, मद्यपान, १८०८ पासून बुद्धिभ्रंश आणि १८११ च्या ऑक्टोबरात अंत. वय अवघे चौतीस.

अशा पुरुषास चरित्रकार कोण मिळाला? सर जॉन माल्कम. राजपूरघाटच्या वाटाघाटीत लेकच्या बाजूने हाच होता. १८१७ च्या डिसेंबरात महिदपुरास यशवंतरावांच्या अकरा वर्षांच्या मुलाची फौज मोडणाऱ्यांत हाच होता. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह याच्याच हातून झाला आणि त्यानंतर माळव्याची व्यवस्था लावण्यास हाच नेमला गेला. १८२३ साली त्याचा मध्य हिंदुस्थानावरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात यशवंतरावांचे पहिले विस्तृत चरित्र आहे. ज्याने राज्य घेतले त्यानेच चरित्र लिहिले. गॉलच्या व्हर्सिंजेटोरिक्सची कहाणी जगास ठाऊक आहे ती मुख्यतः सीझरच्या लेखणीतून. तसलाच हा प्रकार झाला.

माल्कमवर मात्र उथळ दोषारोप करणे अन्यायाचे होईल. होळकरांच्या पदरच्या वृद्ध माणसांस त्याने बोलते केले आणि गावोगावची माहिती जमविली. आज आपणांस यशवंतराव हसताना, थट्टा करताना, घोड्यावर मांड टाकताना दिसतात ते पुष्कळसे त्याच्या पानांवर. वर दिलेला डोळ्याविषयीचा विनोद त्यानेच जपून ठेविला. तपशील जमविण्याच्या बाबतीत तो प्लूटार्कचा शिष्य शोभतो. दोष तपशिलात नाही, रचनेत आहे. माळव्याचे लोक त्या धामधुमीस ‘गर्दी का वक्त’ म्हणत, असे तो सांगतो. आणि त्याच्या ग्रंथाचा सारा ओघ असा आहे की, ही गर्दी कंपनी सरकारने मोडली आणि प्रजा सुखी झाली. या नाटकाच्या शेवटच्या अंकात सुखाचा प्रवेश दाखवावयाचा तर आधीच्या अंकात खलपुरुष लागतो. ती भूमिका यशवंतरावांच्या वाट्यास आली. सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले आणि यशवंतरावांनी शिंद्यांचा मुलूख लुटला. सैन्याचे पगार लुटीवर भागविण्याची पद्धत त्या काळी सर्वांचीच होती. तथापि ‘लुटारू’ हे विशेषण चिकटले ते एकट्यास. माल्कमचा पुरावा घ्यावा, त्याचे कथानक पारखून घ्यावे, असा आमचा अभिप्राय आहे.

दुसरा मोठा आधार अमीरखानाच्या चरित्राचा. बसावनलालने ते फारसीत लिहिले आणि प्रिन्सेपने १८३२ साली इंग्रजीत आणले. त्यात साहजिकच प्रत्येक विजयाचे श्रेय खानाकडे वळते. शत्रूच्या लेखणीने यशवंतराव खल झाले, तर मित्राच्या लेखणीने ते दुय्यम झाले. आपल्या बाजूने लिहिणारा समर्थ लेखक या सेनापतीस त्याच्या पिढीत लाभला नाही.

मराठीत काय झाले? ‘होळकरांची कैफियत’ आहे. परंतु कैफियतीचा धर्मच मुळी घराण्याचा हक्क मांडण्याचा. तीत प्रसंग भेटतात, मनुष्य क्वचित भेटतो. होळकरशाहीच्या इतिहासाची साधने पुढे इंदुरात छापली गेली, हे मोठे काम झाले. त्या पत्रव्यवहारात यशवंतरावांचा खरा आवाज ऐकू येतो. तो आवाज लुटारूचा नव्हे. पत्रांतला मनुष्य संतापी आहे, तिखट आहे, आपल्या घराण्यावर झालेल्या अन्यायाने पोळलेला आहे. परंतु हिशेबी आणि दूरचे पाहणाराही आहे. इंग्रजांशी बिघडल्यावर निरनिराळ्या दरबारांस एकजुटीची विनवणी करणारा हा पुरुष पुण्यावर चालून गेलेल्या यशवंतरावांहून निराळा भासतो. हे स्थित्यंतर कसे घडले, हा चरित्राचा गाभा आहे.

साधने झाली, पण चरित्र झाले काय? मराठी वाचकांच्या घराघरांत यशवंतराव पोहोचले ते इतिहासग्रंथाने नव्हे, कादंबरीने. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ १९६६ साली प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी ‘झेप’ मध्ये त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यास नायक केले होते. पुढे ‘मंत्रावेगळा’ मध्ये दुसऱ्या बाजीरावास केले. इतिहासाने ज्यांस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्यांची बाजू मांडावी, ही या लेखकाची प्रकृती होय. मराठी मनावर तिचे उपकार आहेत. ज्यांचे नाव घेताच कपाळास आठ्या पडत त्यांच्याविषयी सहानुभूतीने विचार करण्याची सवय या कादंबऱ्यांनी लाविली. परंतु वकिली आणि न्यायदान या दोन वृत्ती भिन्न आहेत. कादंबरीकारास वकिली शोभते, कारण रसपरिपोषासाठी त्यास एका मनात शिरावे लागते. दोष कादंबरीकाराचा नाही. तिच्यावर थांबलेल्या वाचकाचा व तिच्यापुढे न गेलेल्या चरित्रकाराचा आहे. कादंबरी हे चरित्राचे निमंत्रण असावे. आपण तिलाच चरित्र समजून बसलो.

अलीकडे तर तराजूचे दुसरे पारडे जमिनीस टेकले आहे. यशवंतरावांस ‘भारताचा नेपोलियन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे आणि आद्य स्वातंत्र्यवीर ठरविण्याची अहमहमिका लागली आहे. यामागची भावना आम्ही समजू शकतो. दीडशे वर्षे ज्यास लुटारू म्हटले, त्याच्यावरील अन्यायाचे परिमार्जन करण्याचा हा प्रयत्न आहे. परंतु उसन्या पदवीने मोठेपण वाढत नसते. नेपोलियन म्हणताच डोळ्यांपुढे सम्राट, कायदेसंहिता, युरोपभर पसरलेली शासनयंत्रणा उभी राहते. यशवंतरावांचे राज्य, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, घोड्याच्या खोगिरावर होते. त्यांची थोरवी नेमकी या खोगिरात आहे. तसेच, राष्ट्राच्या स्वातंत्र्याची आजची कल्पना १८०२ च्या यशवंतरावांच्या मुखी घालणे म्हणजे माल्कमचेच कथानक उलटे करून वाचणे होय. खलपुरुषाच्या जागी अवतारी पुरुष आला, मनुष्य दोन्हीकडे गहाळ.

प्लूटार्कच्या कसोटीने पाहता, यशवंतरावांच्या चरित्रकाराने तीन प्रश्नांस तोंड दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पहिला पुण्याचा. यशवंतरावांच्या मागण्या मुळात माफक होत्या : शिंद्यांच्या कैदेतील पुतण्या खंडेराव सोडावा आणि होळकरांची दौलत परत मिळावी. विजयानंतर आरंभी त्यांनी शहरास संरक्षण दिले, हेही खरे. पण पुढे फौजेच्या पगारासाठी नागरिकांवर जी बळजबरी झाली, तिचा डाग पुसता येत नाही. शिवाय, ज्या विजयाने त्यांचा सूड पुरा झाला त्याच विजयाने पेशवा वसईस गेला. मराठी राज्याच्या मध्यस्थानी इंग्रज आले ते या वाटेने. दोष बाजीरावाच्या भित्रेपणाचा अधिक, यशवंतरावांच्या क्रोधाचा कमी, असे वाटण्यास आधार आहेत. परंतु परिणामाची जबाबदारी दोघांवरही पडते.

दुसरा १८०३ च्या मौनाचा. ज्या शिंद्यांनी भाऊ मारला, घर लुटले, त्यांच्या मदतीस धावून जाणे मनुष्यस्वभावास कठीण होते. परंतु मोठ्या पुरुषांची परीक्षा अशाच कठीण वेळी होते. सर्टोरियस रोमशी लढत असताना पाँटसच्या मिथ्रिडेटीज राजाने त्यास जहाजे व द्रव्य देऊ केले आणि मोबदल्यात आशिया प्रांत मागितला. सर्टोरियसने इतर मुलूख मान्य केले. पण रोमच्या हक्काचा तो प्रांत देण्याचे साफ नाकारले. शत्रुपक्षाच्या रोमहूनही मोठे असे एक रोम त्याच्या मनात होते. १८०३ साली यशवंतरावांच्या मनात शिंदे-होळकरांच्या वैराहून मोठे असे काही होते काय? १८०४ नंतर ते निश्चित होते. परंतु ती दृष्टी येण्यास एक वर्ष उशीर झाला आणि त्या एका वर्षाची किंमत साऱ्यांनी मोजली.

तिसरा प्रश्न भानपुऱ्याचा. खंडेराव व काशीराव यांच्या मृत्यूंचा आरोप यशवंतरावांवर आहे. गौरवपर लेखनात ही पाने बहुधा गाळलेली असतात. निंदापर लेखनात ती आधी येतात. प्लूटार्कने ऑस्काच्या मुलांविषयी विचारलेला प्रश्न येथे शब्दशः लागू पडतो. ज्याच्या एका भावास छाप्यात मारले, दुसऱ्यास हत्तीच्या पायी दिले, त्याच्या स्वभावात ते रक्त झिरपले नसेल काय? हा प्रश्न विचारल्याने गुन्हा लहान होत नाही. मात्र भानपुऱ्याच्या भट्टीजवळ उभा राहून तोफा ओतविणारा, दिवसेंदिवस भ्रमाकडे झुकणारा तो तिशीतला पुरुष आपणांस शोकान्त नाट्याच्या नायकासारखा दिसू लागतो.

हे तिन्ही प्रश्न विचारून झाल्यावरही जे शिल्लक उरते ते थोडे नाही. उज्जैन व पुणे येथे कवायती पलटणी व तोफा घेऊन समोरासमोर लढून जिंकणारा हा सेनापती, इंग्रजांशी गाठ पडताच आपली रीत बदलतो, ही गोष्ट आमच्या मते त्याच्या बुद्धीची साक्ष आहे. असई व लासवारी येथे कवायती फौजेचे काय झाले, हे त्याने पाहिले होते. म्हणून १८०४ च्या पावसाळ्यात त्याने मॉन्सनला एकदम गाठून चिरडण्याचा हट्ट धरला नाही. चिखल, फुगलेल्या नद्या, तुटलेली रसद आणि पाठीवर सतत घोडेस्वार यांच्या हातून त्याने ते काम करविले. बनास नदीच्या उतारावर ऑगस्टाच्या अखेरीस त्या फौजेचा कणा मोडला. एकएक केस उपटण्याचा सर्टोरियसचा धडा प्लूटार्क न वाचता त्याने गिरविला होता. जेव्हा तो धडा सोडून दिल्लीस वेढा घातला आणि डीगेस पायदळ उभे केले, तेव्हा मार खाल्ला. तरीही लॉर्ड वेलस्लीची खर्चिक राजनीती लंडनला नकोशी झाली, तिला माघारी बोलावण्यात मॉन्सन व भरतपूर यांचा वाटा होता, आणि राजपूरघाटाच्या तहाने होळकरांचा बराचसा मुलूख राहिला तो या झुंजीमुळेच.

सर्टोरियसप्रमाणे यशवंतरावांनाही मागे टिकणारी संस्था उभारता आली नाही. १८१७ साली महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर त्यांच्याच फौजेने तुळसाबाईचा शिरच्छेद केला, यावरून ती फौज एका पुरुषाच्या धाकावर उभी होती हे दिसते. आमच्या शहराने अहिल्याबाईंस देवीपद दिले, विमानतळास व विद्यापीठास त्यांचे नाव दिले, ते सर्वथा योग्यच आहे; संस्था घडविणाऱ्याची कीर्ती संस्थांच्या रूपाने चालत राहते. सेनापतीस तो लाभ नसतो. मौज अशी की, यशवंतरावांचे नाव इंदुरात रोज हजारो मुखांनी उच्चारले जाते; परंतु महाराजा यशवंतराव रुग्णालय काय किंवा यशवंत क्लब काय, ही नावे १९६१ साली दिवंगत झालेल्या दुसऱ्या यशवंतरावांची. पहिल्यांची छत्री दूर भानपुऱ्यास आहे. शाळेतील मुलास विचारावे तर तो नावाने एकाचे व कल्पनेने दुसऱ्याचे वर्णन करतो. आणि त्यास दोष देता येत नाही, कारण पाठ्यपुस्तकांतून पहिले यशवंतराव बहुधा वसईच्या तहाचे निमित्त म्हणून एका वाक्यात येतात व जातात.

म्हणूनच हा प्रश्न केवळ इतिहाससंशोधकांचा नसून शिक्षकांचा व साहित्यिकांचा आहे. वर्गात आपण यशवंतराव कसे शिकवितो, यावर मुले मनुष्यमात्राकडे कसे पाहावयास शिकतात हे ठरते. लुटारू म्हणून शिकविले तर विजेत्याचा शब्द प्रमाण मानण्याची सवय लागते; अवतार म्हणून शिकविले तर पुराव्यास न जुमानण्याची. पराक्रम व अपराध एकाच मनुष्याच्या ठायी असू शकतात आणि दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, हे मुलांस कळणे हा इतिहासाच्या शिक्षणाचा खरा लाभ होय.

यशवंतरावांच्या निधनास दोनशेहून अधिक वर्षे लोटली. सर्टोरियस व प्लूटार्क यांच्यातील अंतरापेक्षा हे अंतर अधिक आहे. शिंदे-होळकरांचे वैर आता कोणाच्या घरात धुमसत नाही, कंपनी सरकारही उरले नाही, साधने छापून तयार आहेत. निःपक्षपणे लिहिण्यास जेवढी मोकळीक हवी तेवढी आता आहे. मराठीत अभ्यासू माणसांची वाण नाही, आणि माळव्यात तर या विषयाची प्रत्येक वाट, कसरावदेपासून भानपुऱ्यापर्यंत, पायांखालची आहे. प्लूटार्क ग्रीक होता आणि एका रोमन बंडखोराचे ऋण त्याने फेडले. आमचे ऋण तर घरचेच आहे. ते फेडणारा चरित्रकार आमच्या शाळा-महाविद्यालयांतूनच निघावा, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही.